अख्ख्या बाजाराचा धाकटा वांटेकरी

नागपूर शहरांतून अमरावतीच्या रस्त्यानें पश्चिमेस निघालें, म्हणजे अंबाझरीचा परिसर मागें टाकल्यावर वाडी लागते. रस्त्याच्या दोहों बाजूंस वाहतूक कंपन्यांचीं आवारें, मालाचीं गोदामें आणि मालमोटारींच्या रांगा; जवळच संरक्षण खात्याचा कारखाना, आणि थोड्या अंतरावर हिंगण्याची औद्योगिक वसाहत. येथील एखाद्या खासगी गोदामांत किंवा कारखान्यांत जो मनुष्य रीतसर नोंदलेल्या नोकरीवर आहे, त्याच्या पगारांतून दरमहा शेंकडा १२ प्रमाणें रक्कम भविष्यनिर्वाह निधींत, म्हणजे सर्वांच्या तोंडीं असलेल्या 'पी. एफ.'मध्यें जाते, मालकाचाही वांटा त्यांत पडतो. इतकें प्रत्येकाला ठाऊक असतें. परंतु ऑगस्ट २०१५ पासून या निधींत नव्यानें जमा होणाऱ्या पैशाचा कांहीं भाग शेअरबाजारांत जाऊं लागला, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक आहे. तो भाग कोणा चाणाक्ष मनुष्यानें हेरून काढलेल्या दोनचार कंपन्यांत जात नाहीं. मुख्यतः 'सेन्सेक्स' व 'निफ्टी' या दोन निर्देशांकांत ज्या कंपन्या असतील त्या सर्वांत, ज्याच्या त्याच्या आकाराच्या प्रमाणांत, तो वांटला जातो.

ज्यानें दलाल स्ट्रीट कधीं डोळ्यांनीं पाहिली नाहीं, त्यास देशांतील मोठमोठ्या कंपन्यांचा धाकटा वांटेकरी करणारी ही युक्ति कोठून आली? तिच्या इतिहासांत गर्भश्रीमंत थोडे आणि प्राध्यापक व लेखक अधिक भेटतात. त्यांतला प्रमुख पुरुष म्हणजे जॉन बोगल हा अमेरिकन गृहस्थ. त्यानें ही कल्पना व्यवहारांत आणली, आणि मग आयुष्यभर सामान्य मनुष्यास समजेल अशा भाषेंत ती लिहून काढली. परंतु त्याच्याकडे वळण्यापूर्वीं नागपुरांतच थोडें थांबणें इष्ट आहे. कारण बोगलनें ज्या प्रश्नाचें उत्तर दिलें, तो प्रश्न नागपूरच्या इतिहासांत अगोदरच मांडून ठेवलेला आहे.

जमशेटजी टाटांनीं १८७४ सालीं १५ लाख रुपयांच्या भांडवलावर एक कापड कंपनी काढली आणि तिच्या गिरणीसाठीं मुंबई सोडून नागपूर निवडलें. कापूस येथें, कोळसा जवळ, आणि रेल्वे येऊन पोहोंचलेली. जागा मात्र दलदलीची मिळाली, आणि ती भरून काढण्यांत बराच पैसा गेला. त्या वेळची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. एका सावकारास शेअर घेण्याविषयीं विचारलें असतां, जमिनींत सोनें पुरणाऱ्या मनुष्याच्या उद्योगांत आपण पैसा घालणार नाहीं, असें तो म्हणाला. आणि पुढें गिरणीची भरभराट पाहून त्यानेंच कबूल केलें कीं, या मनुष्यानें सोनें पुरलें नव्हतें, माती पुरून सोनें काढलें. १ जानेवारी १८७७ रोजीं, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशीं, गिरणी सुरू झाली व तिला 'एम्प्रेस' हें नांव मिळालें. कामगारांसाठीं पेन्शनचा निधि तिनें १८८६ सालींच उभारला. ज्यांनीं आरंभीं शेअर घेतले त्यांचें कल्याण झालें.

आख्यायिका सहसा येथें संपते. इतिहास मात्र पुढें चालतो. तीच एम्प्रेस मिल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत खंगत गेली. १९८६ सालीं ती राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि २००२ सालीं बंद पडली. म्हणजे एका पिढीचा तो सावकार चुकला, हें जसें खरें, तसेंच त्याचा पणतू 'टाटांची गिरणी कधीं बुडत नसते' म्हणून तो शेअर उराशीं धरून बसला असता, तर तोही चुकला असता. शहाणपण कोणत्या वर्षीं पाहिलें जातें यावर ठरलें. विदर्भांतलेंच दुसरें उदाहरण बल्लारपूरच्या कागद कंपनीचें. १ जानेवारी १९८६ रोजीं मुंबई शेअरबाजारानें आपला ३० कंपन्यांचा निर्देशांक प्रसिद्ध केला, तेव्हां त्या मानाच्या यादींत बल्लारपूर इंडस्ट्रीज होती. हिंदुस्थान मोटर्स होती, प्रीमियर ऑटोमोबाइल्सही होती. ॲम्बॅसडर गाडीचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें. बल्लारपूरची कंपनी २०२० सालीं दिवाळखोरीच्या कारवाईंत गेली. चंद्रपूरकडील ज्या कुटुंबांनीं 'आपल्याच जिल्ह्यांतली कंपनी' म्हणून तो शेअर जपला असेल, त्यांच्या हातीं कागद बनविणाऱ्या कंपनीचा केवळ कागद उरला.

सेन्सेक्सच्या यादीचें मात्र तसें झालें नाहीं. जी कंपनी मागें पडली तिचें नांव यादींतून गेलें, आणि जी वर आली तिचें नांव आंत आलें. गांवांतील जत्रेप्रमाणें माणसें बदलत राहिलीं, जत्रा चालू राहिली. ज्यानें यादीच विकत घेतली, त्यास कोण बुडेल व कोण तरेल हें ओळखण्याचें काम उरलें नाहीं. परंतु 'यादी विकत घेणें' ही गोष्ट १९७६ पूर्वीं सामान्य मनुष्यास जगांत कोठेंही साध्य नव्हती. तीस किंवा पांचशें कंपन्यांचे शेअर प्रमाणशीर घ्यावयाचे, तर त्यास धनिकाचाच खिसा पाहिजे.

या विचाराचें मूळ १९२९ च्या अमेरिकन बाजाराच्या पडझडींत आहे. आल्फ्रेड काउल्स नांवाच्या एका श्रीमंत गृहस्थास त्या वेळीं कोडें पडलें कीं, भाकितें विकणाऱ्या एवढ्या संस्था असून एकीलाही हा प्रलय आधीं कसा दिसला नाहीं? त्यानें त्या संस्थांचीं सहस्रावधि भाकितें गोळा करून तपासलीं आणि १९३३ सालीं निबंध प्रसिद्ध केला. भाकितें करणाऱ्यांना भाकित करतां येतें काय, असा त्याचा मथळा होता, आणि तसें येत असल्याबद्दल शंकाच आहे, हा त्याचा निष्कर्ष. पुढें १९७३ सालीं प्रिन्स्टनचे प्राध्यापक बर्टन मॅल्किएल यांनीं 'अ रँडम वॉक डाउन वॉल स्ट्रीट' हें पुस्तक लिहून, केवळ निर्देशांकाप्रमाणें शेअर घेऊन ठेवणारा व दलालीचा भुर्दंड न घेणारा एखादा फंड सामान्यांसाठीं निघावा, अशी मागणी केली. १९७४ सालीं अर्थशास्त्राचे नोबेल-विजेते पॉल सॅम्युएलसन यांनीं तशाच अर्थाचा लेख लिहिला. प्राध्यापकांनीं मागणी केली. दुकान उघडावयास मात्र कोणी पुढें येईना.

जॉन बोगलचा जन्म १९२९ चाच. त्या पडझडींत त्याच्या घरची श्रीमंती गेली. शिष्यवृत्तीच्या आधारानें, जोडीला कामें करीत, तो प्रिन्स्टनला शिकला आणि १९५१ सालीं त्यानें म्युच्युअल फंडांवरच प्रबंध लिहिला. वेलिंग्टन कंपनींत तो लहान वयांत वर चढला. त्याच उमेदींत १९६६ सालीं बोस्टनच्या कांहीं तेजस्वी, झटपट नफा दाखविणाऱ्या मंडळींशीं त्यानें भागीदारी केली. १९७३-७४ च्या मंदींत त्या मंडळींची चमक उतरली, आणि जानेवारी १९७४ मध्यें बहुमताच्या जोरावर त्यांनीं बोगललाच पदच्युत केलें. हुशार शेअर-निवड करणाऱ्यांवर एकदां विश्वास टाकून तो स्वतः पोळला होता, ही गोष्ट त्याचें पुढील लेखन वाचतांना ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

त्याच वर्षीं त्यानें 'व्हॅनगार्ड' ही संस्था उभी केली. नाईलच्या लढाईंतील नेल्सनच्या जहाजाचें हें नांव. संस्थेची रचना महाराष्ट्रांतील मनुष्यास चटकन् समजण्यासारखी आहे. सहकारी साखर कारखान्याचा मालक जसा ऊस घालणारा सभासद असतो, तशी व्हॅनगार्डची मालकी तिच्या फंडांकडे, म्हणजे पर्यायानें त्यांत पैसे ठेवणाऱ्यांकडे असते. बाहेरचा मालक नसल्यामुळें नफा काढून देण्याचें कारण नाहीं. जें उरेल तें खर्च कमी करण्याकडे जातें. अमेरिकेसारख्या भांडवलशाहीच्या माहेरघरीं ही रचना टिकावी, यांत एक गंमत आहे.

३१ ऑगस्ट १९७६ रोजीं पहिला निर्देशांक-फंड सामान्य जनतेपुढें आला. १५ कोटि डॉलर जमतील अशी अपेक्षा होती. जमले सुमारें १ कोटि १३ लाख. निर्देशांकांतल्या पांचशेंही कंपन्यांचे शेअर रीतीप्रमाणें घेण्यास ही रक्कम पुरेना. विक्री करणाऱ्या दलालांनीं पैसे परत करून प्रकरण मिटवावें असें सुचविलें. बोगलनें नकार दिला. बाजारांत त्यास 'बोगलचा वेडेपणा' असें नांव पडलें. निर्देशांक-फंड हा अमेरिकन बाण्यास शोभणारा नाहीं, तो चिरडून टाका, अशीं भित्तिपत्रकेंही एका संस्थेनें छापलीं. सरासरीवर समाधान मानणें म्हणजे काठावर पास होण्यांत भूषण मानणें, असा आक्षेपाचा सूर होता, आणि वरवर पाहतां तो पटण्यासारखाच आहे.

याच आक्षेपाचें उत्तर देण्यांत बोगलची लेखणी खर्च झाली. त्याचा युक्तिवाद पाटीवरच्या वजाबाकीएवढा सोपा आहे. बाजारांत जितके लोक आहेत, त्या सर्वांची मिळून कमाई ही बाजाराच्या कमाईइतकीच असणार. एकास सरासरीपेक्षां अधिक मिळालें, तर दुसऱ्या कोणास तरी तेवढेंच कमी मिळालें पाहिजे. येथवर सर्व सारखे. परंतु त्या कमाईंतून व्यवस्थापकाचें वेतन, दलाली, जाहिरात आणि वारंवार खरेदी-विक्रीचा खर्च वजा होतो. म्हणून निवड करणारे सर्व मिळून बाजारापेक्षां नेमके आपल्या खर्चाएवढे मागें राहतात. ज्याचा खर्च जवळजवळ नाहीं, तो सरासरीवर राहूनही बहुतेकांच्या पुढें निघतो. यांत भाकित नाहीं, अंकगणित आहे.

खर्च शेंकडा दोन म्हणजे किरकोळ, असें ऐकणारास वाटतें. गृहीत धरा कीं, बाजाराची वाढ दरसाल शेंकडा १० आहे. एक लाख रुपये तीस वर्षें ठेवले तर सुमारें १७ लाख ४५ हजार होतील. शेंकडा दोन खर्च जाऊन वाढ ८ राहिली, तर तेच लाख सुमारें १० लाख ६ हजार होतील. सात लाखांहून अधिक रक्कम त्या 'किरकोळ' दोनांनीं खाल्ली. पैसा सगळा गुंतवणाऱ्याचा, जोखीम सगळी गुंतवणाऱ्याची, आणि फळाचा एवढा मोठा वांटा मधल्या मनुष्याचा. चक्रवाढ व्याज सावकाराच्या बाजूनें कसें चालतें, हें विदर्भांतल्या शेतकऱ्यास सांगावयास नको. चक्रवाढ खर्चही तसाच चालतो, हें बोगलनें दाखविलें.

'बोगल ऑन म्युच्युअल फंड्स' हें पुस्तक १९९३ सालीं आलें, 'कॉमन सेन्स ऑन म्युच्युअल फंड्स' १९९९ सालीं, आणि 'द लिट्ल बुक ऑफ कॉमन सेन्स इन्व्हेस्टिंग' २००७ सालीं. मधल्या काळांत, १९९६ मध्यें, त्याच्यावर हृदयरोपणाची शस्त्रक्रिया झाली. तिनेंही लेखन थांबलें नाहीं. साहित्य म्हणून पाहिलें तर या पुस्तकांत पुनरुक्ति फार. कीर्तनकार आख्यान कोणतेंही लावो, फिरून धृपदावर येतो, तसा हा लेखक कोठूनही निघाला तरी खर्चावर येतो. परंतु ज्या धंद्यांत दररोज नवी गोष्ट सांगितल्याखेरीज गिऱ्हाईक टिकत नाहीं, त्या धंद्यांत चाळीस वर्षें एकच गोष्ट सांगणें ही त्याची खरी करामत. वॉरन बफे हे स्वतः शेअर निवडण्यांत जगांत अग्रगण्य. पण अमेरिकेंतील गुंतवणूकदारांसाठीं सर्वांत अधिक कार्य करणाऱ्याचा पुतळा उभारावयाचा झाल्यास तो बोगलचा असावा, असें त्यांनीं आपल्या भागीदारांस लिहिलें. त्यांनीं एक पैजही लावली होती. २००८ ते २०१७ या दहा वर्षांत निर्देशांक-फंड शेंकडा १२५.८ वाढला; प्रतिपक्षानें निवडलेल्या पांच नामांकित फंड-समूहांपैकीं सर्वांत चांगला ८७.७ वर राहिला, आणि सर्वांत वाईट २.८ वर.

हिंदुस्थानांत मात्र ही कल्पना उशिरां आणि दबकत आली. मध्यमवर्गीय मराठी घरांत शेअर हा शब्द बराच काळ सट्ट्याचा सोबती होता. पैसा ठेवावयाचा तो पोस्टांत, बँकेंत, नाहीं तर सोन्यांत. १९६४ सालीं सुरू झालेल्या युनिट ट्रस्टनें ही भीति थोडी मोडली. दहा रुपयांचें एक युनिट, पाठीशीं सरकारी नांव, आणि वर्षास नियमानें लाभांश. पुष्कळ निवृत्तांची पुंजी त्यांत गेली. परंतु 'युनिट ६४' ची खरेदी-विक्रीची किंमत ट्रस्ट स्वतः ठरवीत असे. आंत असलेल्या शेअरांच्या खऱ्या किंमतीशीं ती बांधलेली नव्हती. आंतला माल उतरला तरी बाहेरची पाटी तीच. २ जुलै २००१ रोजीं ही खरेदी-विक्री थांबविण्यांत आल्याचें जाहीर झालें, तेव्हां मुलीच्या लग्नासाठीं किंवा दवाखान्यासाठीं युनिटें मोडूं पाहणाऱ्यांस दार बंद दिसलें. ज्या वस्तूची किंमत रोज उघड्यावर दिसत नाहीं तिच्यावरचा विश्वास किती महाग पडतो, याचा हा धडा होता.

त्याच युनिट ट्रस्टनें १९९८ सालीं सेन्सेक्सवर आधारलेला निर्देशांक-फंड काढला होता. पण त्याचा गाजावाजा झाला नाहीं. मुंबईच्या 'बेंचमार्क' या लहानशा संस्थेनें डिसेंबर २००१ मध्यें 'निफ्टी बीस' नांवाचा, शेअरासारखा बाजारांत विकत घेतां येणारा फंड आणला. संस्थेचें मोठ्या कंपन्यांकडे हस्तांतर होत गेलें, फंड मात्र राहिला. लोकांनीं तो डोक्यावर घेतला नाहीं, याचें कारण शोधण्यास लांब जावें लागत नाहीं. कळमन्याच्या बाजारांत ज्या मालावर अडत मिळत नाहीं, तो माल कोणता अडत्या ओरडून विकील? फंड विकणाऱ्याची अडत मोठी असे ती निवड करणाऱ्या, खर्चिक फंडांवर. २००९ सालीं प्रवेश-शुल्क बंद झालें, आणि १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडांत मध्यस्थाशिवाय थेट पैसे ठेवण्याची सोय करणें सक्तीचें झालें. त्यानंतर कोठें खर्चाचा हिशेब लोकांच्या बोलण्यांत येऊं लागला.

आणखी एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. ज्या २००१ सालीं निफ्टीवर पहिला असा फंड आला, त्याच सालच्या जूनमध्यें निफ्टीवरच 'ऑप्शन' म्हणजे वायद्याचा व्यवहार सुरू झाला होता. एकाच निर्देशांकाचीं हीं दोन अपत्यें. एक म्हणतें, घ्या आणि वीस वर्षें विसरा. दुसरें म्हणतें, या आठवड्यांत काय होईल त्यावर पैसे लावा. लोकप्रिय कोणतें झालें, हें सांगावयास नको. 'सेबी'नें सप्टेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें अशा व्यवहारांत उतरलेल्या व्यक्तींपैकीं शेंकडा ९३ जणांना तीन वर्षांत तोटाच झाला, आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटि रुपयांच्या वर गेला. निर्देशांकाचें नांव घेऊन आलेला प्रत्येक सल्ला बोगलच्या कुळांतला नसतो, हें तरुण कामगारांनीं विशेष लक्षांत घ्यावें; कारण हा खेळ आतां प्रत्येकाच्या हातांतल्या यंत्रावर येऊन बसला आहे.

निर्देशांक-फंडास स्वतःचे धोकेही आहेत. जानेवारी २००८ मध्यें २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स २७ ऑक्टोबर रोजीं आठ हजारांच्याही खालीं उतरला होता. जपानचा निर्देशांक १९८९ च्या अखेरीस ज्या उंचीवर होता, ती उंची त्यास पुन्हां गांठावयास २०२४ चा फेब्रुवारी उजाडावा लागला. चौतीस वर्षें ही कामगाराची सारी नोकरी होय. म्हणूनच २०१५ सालीं भविष्यनिर्वाह निधीनें या मार्गास लागण्याचें ठरविलें, तेव्हां कामगार संघटनांनीं विरोध केला. आणि तो केवळ अज्ञानाचा होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. निधीनें सावधपणें, नव्या जमेच्या शेंकडा ५ पासून आरंभ केला. पुढें तें प्रमाण १० व मग १५ झालें. उरलेला मोठा भाग सरकारी व अन्य कर्जरोख्यांत राहिला. बोगल स्वतःही वय वाढेल तसा कर्जरोख्यांचा भाग वाढवावा असेंच सांगत असे.

अखेरच्या दिवसांत बोगलला निराळीच काळजी लागली होती. १६ जानेवारी २०१९ रोजीं तो वारला. त्यापूर्वीं सात आठवडे, नोव्हेंबर २०१८ मध्यें, त्यानें वृत्तपत्रांत लेख लिहून इशारा दिला कीं, निर्देशांक-फंड असेच वाढत गेले तर अमेरिकेंतील बड्या कंपन्यांच्या शेअरांचा निम्म्याहून अधिक भाग, आणि त्याबरोबर मतदानाचा अधिकार, मूठभर संस्थांच्या हातीं जाईल, आणि तें राष्ट्रहिताचें होणार नाहीं. आपल्याच शोधाच्या यशाबद्दल असें लिहिणारे संस्थापक थोडे.

वाडीच्या गोदामांतील कामगारास हा मताधिकार नाहीं, आणि निर्देशांकाची चढउतारही सरळ त्याच्या हातीं येत नाहीं. निधींत येणाऱ्या सर्व उत्पन्नांतून विश्वस्त मंडळ व्याजाचा एकच दर सुचवितें व सरकार त्यास मान्यता देतें. २०२३-२४ सालासाठीं तो शेंकडा ८.२५ होता. पासबुकांत तेवढा आकडा उमटतो. आपल्या नांवावर बल्लारपूर आतां नाहीं आणि दुसरें काय काय आहे, हें त्यांत कोठेंही लिहिलेलें नसतें.